मागच्या वेळी टाके पिकले होते, या वेळी कोणते घालायचे?

पत्राचा सारांश: वाचक भगिनी ३२ वर्षांच्या आहेत. चार वर्षांपूर्वी अठरा तास कळा सोसल्यावर तातडीने सिझेरियन करावं लागलं. कातडीला पिना मारल्या होत्या, त्या चौथ्या दिवशी काढल्या. आठव्या दिवशी उजव्या कोपऱ्यातून पू आला, जखम तिथे दोन बोटं उकलली आणि भरायला पाच आठवडे लागले. आता तिथला व्रण रुंद आणि जाड आहे, आत ओढल्यासारखा दिसतो आणि त्याच्या वर पोटाची घडी लोंबते. पहिलं वर्षभर खाज यायची, आता कमी आहे. सध्या ३४वा आठवडा चालू आहे, वजन ८८ किलो आहे, गरोदरपणातली साखर निघाली आहे आणि ३९व्या आठवड्यात दुसरं सिझेरियन ठरलं आहे. नणंदेचा व्रण शोधूनही सापडत नाही, कारण ‘तिला प्लास्टिक सर्जरीचे टाके घातले होते’. त्या विचारतात: डॉक्टरांकडे तसे टाके किंवा ग्लू मागावा का? त्याच जागी पुन्हा कापलं तर जखम भरेल का, की दुसरीकडे कापायला सांगावं? आणि बाहेरून एवढं वाईट भरलं असेल, तर आत गर्भाशयही कच्चं असेल का?

उत्तर:

मागच्या वेळी जे बिघडलं त्याचं सगळं खापर तुम्ही पिनांवर फोडलं आहे. पिनांकडेही थोडा दोष जातो, त्यावर येऊच. पण तुमच्याच पत्रात त्याहून मोठं कारण आहे: अठरा तासांच्या कळा. पाणमोट फुटून बराच वेळ गेला आणि आतून तपासण्या होत राहिल्या की योनिमार्गातले जंतू वर गर्भाशयात चढतात. मग सिझेरियन झालं की तेच जंतू जखमेत येतात. कळा सुरू होण्याआधी, पाणमोट शाबूत असताना ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये जखम पिकण्याचा धोका यापेक्षा बराच कमी असतो. म्हणजे या वेळी टाका कोणताही घातला, तरी तुमची सुरुवातच मागच्यापेक्षा बरी आहे. वजन, साखर आणि घडीखालचा ओलावा मात्र उलट्या बाजूला ओढतात, आणि त्यांवर अजून पाच आठवडे काम करता येतं.

तुमचा तिसरा प्रश्न आधी घेते, कारण खरी भीती त्यातच आहे. बाळापर्यंत पोचताना कातडी, तिच्याखालची चरबी, स्नायूंवरचं जाड पांढरं आवरण, पोटाच्या पोकळीचा पातळ पडदा आणि शेवटी गर्भाशय असे थर उघडावे लागतात. स्नायू बहुधा कापत नाहीत, मधल्या रेषेवरून दोन बाजूंना सारतात. पोट धरून ठेवतं ते पांढरं आवरण, म्हणून त्याला हळूहळू विरघळणारा दणकट धागा लागतो. कातडीच्या टाक्यावर पोटाचा भार नसतो. तुमची जखम उकलली ती कातडी आणि चरबीपुरती. गर्भाशय त्याच्या खूप आत असतं, त्याला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि ते आपल्या गतीने भरतं. त्यामुळे बाहेरचा व्रण बघून आतल्याचा अंदाज बांधता येत नाही. बाहेर सुरेख रेघ आणि आत पातळ व्रण असू शकतो, तसंच याच्या उलटही.

गर्भाशय एका थरात शिवावं की दोन, यावर डॉक्टरांत जुना वाद आहे. कोरोनिस या मोठ्या चाचणीचा तीन वर्षांचा पाठपुरावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुढच्या गरोदरपणांच्या दृष्टीने दोन्हींत ठळक फरक दिसला नाही. तेव्हा हा आग्रह तुम्ही धरू नका, ते डॉक्टरांच्या हाताला सोपवा. त्याऐवजी सोनोग्राफीचा अहवाल काढून वार (प्लासेंटा) कुठे आहे ते बघा. वार खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडावर किंवा जुन्या व्रणावर, तर ती व्रणात रुतण्याची शक्यता असते. आधी एक सिझेरियन झालेलं असून वार तोंडावर आली असेल, तर हा धोका शंभरात अकराच्या आसपास धरतात. अशा वेळी शस्त्रक्रियेची जागा, रक्ताची सोय, सगळंच बदलतं आणि कातडीचा टाका हा विषयच उरत नाही. वार वर असेल तर निश्चिंत होऊन पुढे वाचा.

आता जागेबद्दल. नवी रेघ शेजारी मारायला सांगू नका. दोन समांतर छेदांच्या मधली कातडीची पट्टी दोन्ही बाजूंनी तुटते, तिचं रक्त कमी होतं आणि ती काळवंडू शकते. सगळं नीट भरलं तरी शेवटी दोन व्रण मिळतात. छेद जुन्याच जागी, पण जुन्या व्रणातून नव्हे. व्रणाची ऊती चिवट असते, तिच्यात रक्तवाहिन्या कमी असतात, आणि व्रणाला व्रण जोडला तर जोड आळशीपणे भरतो. म्हणून जाड, रुंद व्रण होडीच्या आकारात कडेकडेने कापून पूर्ण काढतात. निरोगी कातडीची कड निरोगी कडेला भिडते. यात मेख एकच: हावरेपणाने फार रुंद पट्टी काढली तर कडा जवळ आणताना ताण येतो, आणि ताण आला की नवा व्रणही रुंदच होणार.

व्रणाचं रूप ठरवण्यात ताणाचा वाटा सगळ्यात मोठा, धाग्याच्या नावापेक्षा कितीतरी जास्त. ओटीपोटावरचा आडवा छेद कातडीच्या नैसर्गिक घड्यांना समांतर जातो, म्हणून त्याच्यावर ताण कमी पडतो. हा छेद हर्मान फॅनेनस्टील या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९०० साली मांडला आणि आजवर टिकला, त्यातलं एक कारण हेच. आता तुमचा ‘आत ओढलेला’ व्रण बघा. जखम पिकून खालून भरत आली, तेव्हा कातडी मधली चरबी सोडून थेट पांढऱ्या आवरणाला चिकटली. वरची चरबी मोकळी राहिली आणि त्या खाचेवरून ओसंडली. घडीचा काही भाग वजनाचा आहे, काही भाग या चिकटण्याचा. दुसऱ्या शस्त्रक्रियेत ही चिकटलेली जागा मोकळी करता येते, आणि वर चरबीचा थर वेगळा शिवला तर कातडी पुन्हा खाली बसत नाही.

चरबीचा हा थर शिवायला सांगायचं दुसरं कारण आणखी पक्कं आहे. थर दोन सेंटिमीटरपेक्षा जाड असेल आणि तसाच सोडला तर आत पोकळी राहते. पोकळीत पाणी किंवा रक्त साठतं, त्यात जंतू वाढतात आणि ते वाट काढत कोपऱ्यातून बाहेर येतं. जखम बहुधा कोपऱ्यातच का उकलते, याचं हे एक उत्तर. थर शिवल्याने जखम उकलण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटतं. पाणी काढायला नळी ठेवण्याचा सर्रास फायदा मात्र दिसलेला नाही.

मग कातडी. ‘प्लास्टिक सर्जरीचे टाके’ नावाचा वेगळा टाका नसतो. बोलीत तसं म्हणतात तो कातडीच्या आतल्या थरातून सापासारखा नागमोडी जाणारा, विरघळणारा टाका. बाहेर फक्त रेघ दिसते, टाक्यांच्या आडव्या खुणा उमटत नाहीत, काढायला काही नसतं. नणंदबाईंना बहुधा हाच घातला असेल. त्यांच्या वाट्याला जखम न पिकणं आणि त्यांची स्वतःची कातडी हेही आलं, ते हिशेबात धरा. हा टाका तुम्ही जरूर मागा. अमेरिकेत ७४६ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जखमेच्या तक्रारी टाक्यांच्या गटात ४.९ टक्के होत्या, पिनांच्या गटात १०.६ टक्के. फरक मुख्यतः जखम उकलण्यातला होता. कारण समजायला सोपं आहे: पहिल्या आठवड्याच्या शेवटी जखमेत मूळ कातडीच्या तीन ते पाच टक्केच ताकद आलेली असते. चौथ्या दिवशी पिना काढल्या की जोड जवळजवळ खपलीच्याच भरवशावर राहतो. विरघळणारा टाका आणखी दोन-तीन आठवडे आधार देतो. पिनांची जमेची बाजू म्हणजे काही मिनिटांची बचत. रक्तस्राव आटोक्यात येत नसेल तेव्हा ती मिनिटं मोलाची असतात. म्हणून विनंती अशी करा: ‘सगळं सुरळीत असेल तर आतला टाका घाला.’ आणि नाइलाजाने पिना माराव्या लागल्याच, तर तुमच्या वजनाला त्या सातव्या ते दहाव्या दिवसापर्यंत ठेवायला सांगा.

धाग्याबद्दल विचारायचंच असेल तर एकपदरी विरुद्ध विणलेला एवढंच विचारा. मोनोक्रिल एकपदरी असतो, व्हिक्रिल विणलेला. विणीच्या फटींत जंतूंना लपायला जागा मिळते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत जखमेच्या तक्रारी मोनोक्रिल गटात ८.८ टक्के आणि व्हिक्रिल गटात १४.४ टक्के निघाल्या. मोनोक्रिलची पकड तीन आठवड्यांत संपते, पण धागा पूर्ण विरघळायला तीन-चार महिने लागतात. म्हणून दुसऱ्या महिन्यात रेघेवर एखादी पुटकुळी येऊन पांढरं टोक डोकावलं तर घाबरू नका, आणि ओढू तर मुळीच नका. डॉक्टर ते कातरून टाकतात.

ग्लू ही टाक्याची बदली नाही. खालच्या थरांनी ताण उचललेला असेल तरच तो कातडी धरून ठेवतो. नीट लावला तर पाच ते दहा दिवसांत आपोआप सुटतो. त्यावर मलम लावू नका, मलमाने तो आधीच निघतो.

काही वाचकांच्या मनात येईल, पोट उघडलंच आहे तर प्लास्टिक सर्जनला बोलावून पोटाची लोंबही काढून घ्यावी. हे करू नका. त्या दिवशी कातडी ताणलेली असते, सूज असते, रक्तपुरवठा वाढलेला असतो. किती कातडी जादा आहे हे कळतच नाही आणि रक्तस्राव, जंतुसंसर्ग दोन्ही वाढतात. स्तनपान संपून वजन काही महिने एका जागी स्थिरावलं की मग हा विचार करावा.

तुमच्या कातडीचा स्वभावही पाहू. व्रण जाड झाला पण मूळ जखमेच्या हद्दीत राहिला आणि वर्षाने खाज कमी झाली, म्हणजे तो नुसता वाढलेला व्रण दिसतो. केलॉइड वेगळा. तो हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीवर पसरतो, महिनोन्‌महिने वाढत राहतो आणि आपणहून बसत नाही. छातीवर, खांद्यावर किंवा कानाच्या पाळीवर टोचल्यावर असं काही झालं असेल तर शस्त्रक्रियेआधी नक्की सांगा. केलॉइड नुसता कापला तर बहुतेक वेळा पुन्हा येतो, कधीकधी आधीपेक्षा मोठा. तिथे नंतरच्या इंजेक्शनांची आखणी आधीच करावी लागते. आणखी एक जात अशी की व्रणाच्या टोकाशी गाठ असते आणि ती पाळीच्या दिवसांत दुखते, फुगते. ते गर्भाशयाचं अस्तर व्रणात रुजल्याचं लक्षण असू शकतं. तिथे मालीश उपयोगाची नाही, सोनोग्राफी करून ती गाठ काढावी लागते.

आता हातातल्या पाच आठवड्यांकडे. साखर नेमून दिलेल्या मर्यादेत ठेवा, कारण चढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत. हिमोग्लोबिन तपासून घ्या, कमी असेल तर भरून काढायला अजून वेळ आहे. घडीखाली लाल, खाजरी, ओलसर कातडी असेल तर ती बहुधा बुरशी असते. शस्त्रक्रियेच्या दिवशी ती तिथे नको, आत्ताच दाखवून औषध लावा. घरी वस्तरा फिरवू नका. वस्तऱ्याने बारीक जखमा होतात आणि त्यांत जंतू शिरतात. केस काढायचेच असतील तर ते रुग्णालयात क्लिपरने काढतात. मागच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड आणि पू तपासायला पाठवला असेल तर त्याचा अहवाल शोधून ठेवा. कोणता जंतू होता हे कळलं तर प्रतिजैविक निवडायला मदत होते. हे औषध छेद देण्याआधीच्या तासाभरात शिरेतून जायला हवं. सर्रास वापरलं जाणारं सेफाझोलिन २ ग्रॅम देतात, वजन १२० किलो किंवा जास्त असेल तर ३. कोणत्याही औषधाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा.

शस्त्रक्रियेनंतर पट्टी साधारण २४ ते ४८ तासांनी निघते. मग अंघोळ करायला हरकत नाही. पाणी जखमेवरून वाहू द्या, चोळू नका, स्वच्छ कापडाने टिपून कोरडं करा. तुमच्या बाबतीत सगळ्यात जास्त लक्ष घडीकडे हवं. दिवसातून दोन-तीनदा आडवं पडून घडी वर उचला, जखमेला हवा लागू द्या आणि मध्ये कोरड्या सुती कापडाची किंवा गॉजची घडी ठेवा. ती ओली झाली की बदला. पावडर नको, स्पिरिट नको. कमरेच्या वर जाणारे सैल सुती अंतर्वस्त्र वापरा, म्हणजे इलॅस्टिक रेघेवर येणार नाही. पोटाचा पट्टा हालचाल करताना दुखणं कमी करतो, पण त्याने पोट आत जात नाही. त्याखाली घाम साठत असेल तर काढून ठेवा. उठताना आधी कुशीवर वळा. खोकताना उशी पोटाशी धरा. चालणं पहिल्या दिवसापासून, पण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही.

घडीमुळे तुम्हाला जखम स्वतः दिसणार नाही. रोज एकाच वेळी, एकाच प्रकाशात फोनवर फोटो काढा किंवा घरच्यांना काढायला सांगा. चौथ्या ते दहाव्या दिवसांत हे विशेष जपा, कारण जखम पिकायची असेल तर बहुधा याच काळात पिकते. कडेला बारीक गुलाबी पट्टा चालतो, पण लाली रोज पसरत असेल, कातडी गरम आणि टणक लागत असेल, पू किंवा वास येत असेल, ताप ३८ अंश सेल्सियस किंवा वर असेल, किंवा दुखणं दिवसागणिक कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, तर त्याच दिवशी दाखवा. दोन गोष्टींत तर तासाचीही वाट पाहू नका: जखमेतून एकदम गुलाबी पाण्याचा लोंढा येणं, कारण तेव्हा आतलं आवरण सुटलेलं असू शकतं, आणि पहिल्या एक-दोन दिवसांतच असह्य वेदनेसह कातडी जांभळी पडणं. एखादं टोक अर्धा-एक सेंटिमीटर उघडलं आणि बाकी सगळं शांत असेल, तर ते ड्रेसिंग करून भरतं. दाखवायचं तरीही.

जखम पूर्ण बंद झाली, एकही खपली उरली नाही, की व्रणावर सिलिकॉनचं जेल किंवा पट्टी सुरू करा. हे बहुतेकींना दोन-तीन आठवड्यांनी जमतं. घडीखाली पट्टी घामाने सटकते आणि पुरळ आणते, म्हणून तुम्हाला जेल बरं. कोरड्या कातडीवर पातळ थर, दिवसातून दोनदा, चार-पाच मिनिटं वाळू द्यायचं. पट्टी वापरणाऱ्यांनी ती सुरुवातीला चार तास, मग वाढवत दिवसाला किमान बारा तास ठेवावी आणि रोज धुवावी. दोन्हींत तीन महिने खंड पडू देऊ नका, आठवड्यातून चारदा लावून उपयोग नाही. ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून लावण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. व्रण त्याने सुधारल्याचं सिद्ध झालेलं नाही, आणि अनेकींना तिथे पुरळ मात्र उठतं.

सहा आठवड्यांच्या तपासणीत सगळं ठीक निघालं की मालीश करा. तुमच्यासाठी ते महत्त्वाचं आहे, कारण पुन्हा चिकटू द्यायचं नाही. दोन बोटं रेघेवर ठेवून कातडी बोटांसोबत वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवा, मग छोटे गोल फिरवा. कातडीवरून बोटं घसरू देऊ नका, खालचा थर हलला पाहिजे. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. काही आठवड्यांनी रेघ चिमटीत धरून हलकेच उचलून बघा. कातडी लाल होऊन तशीच राहिली किंवा ओल दिसली तर थांबा.

रेघेच्या वरची बधिरता कातडीच्या बारीक नसा कापल्याने येते. ती महिन्यांनी कमी होते, थोडी कायमही राहते. पण टोकापासून जांघेकडे विजेसारखी कळ जात असेल तर नस टाक्यात किंवा व्रणात अडकलेली असू शकते. तिथे भुलीचं इंजेक्शन देऊन निदान आणि आराम दोन्ही मिळतात, म्हणून ते सोसत बसू नका.

सहाव्या आठवड्यात नवा व्रण लाल आणि थोडा उठलेला असेल, तिसऱ्या महिन्यात कदाचित आणखी. हा त्याचा नेहमीचा क्रम आहे. तीन महिन्यांनंतरही तो वाढतच असेल, खाजत किंवा दुखत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ट्रायॅमसिनोलोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने व्रणात देतात. ती लवकर सुरू झाली तर जास्त उपयोगी पडतात. तसं काही नसेल तर व्रण फिकट आणि सपाट व्हायला बारा ते अठरा महिने द्या. नणंदबाईंच्या रेघेशी तुलना करायचीच असेल तर त्यानंतर करा.